पुन्हा उभे राहणाऱ्या आमदाराचा उमेदवारी अर्ज: गोव्यात फाइल कशी तयार होते

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. २०१२ पासून सत्तेत असलेला भाजप आणि मार्च २०१९ पासून मुख्यमंत्रिपदी असलेले डॉ. प्रमोद सावंत पुन्हा कौल मागायला उतरणार. त्यांच्याबरोबर चाळीस मतदारसंघांतले बरेचसे विद्यमान आमदार, पक्ष कोणताही असो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी रिंगणात असतील. सभा, कोपरा बैठका, घरोघरी भेटी हे सगळ्यांना दिसते. आमच्या वाट्याला येते ती उमेदवारी अर्जाची फाइल. वकील, सनदी लेखापाल आणि आमदाराच्या कार्यालयातला एक जाणता कारकून एवढी माणसे या कामाला पुरतात, पण वेळ भरपूर लागतो.

विद्यमान आमदाराची फाइल नवख्या उमेदवारापेक्षा अवघड असते. नवख्याला आजची स्थिती सांगितली की झाले. आमदाराने पाच वर्षांपूर्वी शपथेवर काय लिहिले ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते, आणि विरोधी उमेदवाराचा वकील ते वाचून, टिपणे काढूनच छाननीला येतो. शिवाय आमदाराच्या मागे सरकारी घर, महामंडळाचे अध्यक्षपद, आंदोलनांतले गुन्हे, विधिमंडळाकडून घेतलेले अग्रिम असे बरेच काही जमलेले असते.

गोव्यात हे जास्तच जपावे लागते, कारण इथले मतदारसंघ लहान आणि निकाल अटीतटीचे. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, फोंड्याचा ७७, वेळ्ळीचा १६९, प्रियोळचा २१३. खुद्द मुख्यमंत्री साखळीत ६६६ मतांनी निवडून आले. इतक्या थोड्या मतांनी हरलेला माणूस अर्जातली चूक शोधल्याशिवाय राहत नाही. म्हणून फाइल छाननीच्या दिवसापुरती करून चालत नाही. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात निवडणूक याचिका दाखल होऊ शकते. तिथेही टिकेल अशी फाइल हवी.

आमचे काम मागच्या शपथपत्रापासून सुरू होते. २०२२ चा नमुना २६, म्हणजे मालमत्ता, कर्जे आणि गुन्हे शपथेवर सांगण्याचा नमुना, छापून घ्यायचा, शेजारी कोरा नमुना २६ ठेवायचा आणि एकेक रकाना ताडून पाहायचा. तेव्हा दाखवलेली जमीन आज कुठे आहे? विकली असेल तर विक्रीखत कुठे, पैसे कोणत्या खात्यात आले, त्या वर्षीच्या विवरणपत्रात तो भांडवली नफा दिसतो का? तेव्हाचे कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आहे का? वाढलेल्या मालमत्तेचा मेळ पाच वर्षांच्या उत्पन्नाशी बसतो का? या प्रश्नांची उत्तरे वेगळ्या टिपणात लिहून फाइलीत ठेवतो. ते टिपण कुठे सादर करायचे नसते. पत्रकारांनी किंवा प्रतिस्पर्ध्याने विचारले तर उमेदवाराला उत्तर देता यावे, एवढ्यासाठी ते असते.

मग ना-देय दाखले. मागच्या दहा वर्षांत उमेदवाराला सरकारी निवासस्थान मिळाले असेल तर भाडे, वीज, पाणी आणि टेलिफोन या चारही बाबींचे थकबाकी नसल्याचे दाखले शपथपत्रासोबत जोडावे लागतात. इथे दोन ठिकाणी गोंधळ होतो. पहिला दहा वर्षांचा. आत्ताच्या घराचे दाखले सगळे आणतात. पण आधीच्या कार्यकाळात मंत्री असताना मिळालेला आणि नंतर सोडलेला बंगला कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसरा तारखेचा. ज्या महिन्यात अधिसूचना निघते, त्याच्या मागच्या तिसऱ्या महिन्याच्या अखेरची किंवा त्यानंतरची तारीख दाखल्यातल्या थकबाकीच्या स्थितीला हवी. अधिसूचना जानेवारीत निघाली तर ३१ ऑक्टोबर किंवा त्यापुढची. उत्साहाने गणेशचतुर्थीच्या आधीच दाखले गोळा केले तर ते पुन्हा काढावे लागतात.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. पाणीपुरवठा पूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होता, आता त्यासाठी वेगळे पेयजल खाते आहे. जुन्या घराचे पाण्याचे बिल एका खात्याच्या नोंदीत आणि दाखला देणारे कार्यालय दुसरे, असे होते. ग्राहक क्रमांक हाताशी नसेल तर कारकुनालाही काही सापडत नाही. त्यामुळे आम्ही आधी घर रिकामे केल्याच्या ताबापावतीची प्रत मिळवतो. तीवर दोन्ही मीटरचे शेवटचे आकडे असतील तर पुढचे काम सोपे जाते. आचारसंहिता लागली की अधिकारी निवडणुकीच्या कामाला जुंपले जातात आणि सहीसाठी साहेब भेटत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. दाखला देणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करताना पोच घ्यायचीच. दाखला वेळेत आला नाही, तर निदान मागितल्याचा पुरावा हाती राहतो.

हे किती गंभीर ठरू शकते ते अरुणाचल प्रदेशातल्या तेझू मतदारसंघाच्या प्रकरणातून दिसते. करिखो क्री हे २०१९ मध्ये तिथून अपक्ष निवडून आले. त्याआधीही ते आमदार होते आणि त्या काळात त्यांना सरकारी घर मिळालेले होते. त्या घराचा उल्लेख आणि दाखला अर्जासोबत नव्हता. थकबाकी मात्र प्रत्यक्षात नव्हती. शिवाय घरच्यांच्या नावावरची तीन जुनी वाहने शपथपत्रात नव्हती. ती विकली किंवा देऊन टाकली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव बदललेले नव्हते. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ती पुन्हा कायम केली आणि प्रत्येक लहानसहान वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, जी वस्तू लपवल्याने उमेदवाराचे खरे चित्र बदलते ती सांगायला हवी, असे म्हटले. निकाल आमदाराच्या बाजूने लागला खरा, पण कार्यकाळ संपत आला तेव्हा. एक स्कूटर, एक व्हॅन आणि एक मोटारसायकल यांपायी कोणत्याही आमदाराने एवढी वर्षे कोर्टात काढू नयेत. आमच्या यादीत तेव्हापासून एक काम कायमचे आले आहे. उमेदवार, पती किंवा पत्नी आणि अवलंबित यांच्या नावाने परिवहन खात्याच्या नोंदीत आज कोणती वाहने दिसतात ते तपासायचे आणि विकलेल्या गाडीची नोंद बदलून घ्यायची. बदल वेळेत झाला नाही तर गाडी शपथपत्रात दाखवून पुढे ‘विकली, हस्तांतर प्रलंबित’ असे स्पष्ट लिहायचे.

आता मालमत्ता. इथे बाहेरून आलेल्या वकिलाची हमखास चूक होते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते, हा पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा. जमीन एकट्या नवऱ्याच्या नावे नोंदलेली असली तरी बायकोचा अर्धा अविभक्त हिस्सा असतो. नमुना २६ मध्ये ‘स्वतः’, ‘पती किंवा पत्नी’, ‘अविभक्त हिंदू कुटुंब’ आणि अवलंबित असे रकाने आहेत. समाईक मालमत्तेसाठी वेगळा रकाना नाही. सगळी जमीन ‘स्वतः’ खाली टाकली की पत्नीचा रकाना रिकामा पडतो, आणि मग तिच्या विवरणपत्राशी मेळ बसत नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात गोव्याच्या जोडप्यांसाठी कलम ५अ होते. पगार वगळून इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे दाखवायचे. नमुना २६ मध्ये पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न विचारतात, तेव्हा पत्नीच्या नावे भाड्याचे निम्मे उत्पन्न आणि मालमत्तेत मात्र शून्य, असे चित्र दिसले की शंका घेणारा शंका घेणारच. आम्ही प्रत्येक मालमत्तेचे वर्णन एकदाच पूर्ण लिहितो, सर्व्हे क्रमांक आणि एकूण क्षेत्रासह. मग दोन्ही रकान्यांत अर्धा-अर्धा हिस्सा आणि त्याची किंमत.

वडिलोपार्जित जमीन असेल तर आणखी एक पायरी वाढते. भाऊ-बहिणींत वाटणी झालेली नसते, इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याचे, प्रकरण कोर्टात चालू असते किंवा सुरूही झालेले नसते. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचे नाव तसेच असते. अशा वेळी ‘मालमत्ता नाही’ लिहिणे धोक्याचे आणि सगळी आपली म्हणून दाखवणे खोटे. वारसाहक्काने येणारा अंदाजे हिस्सा, ‘वाटणी प्रलंबित’ हा शेरा आणि प्रकरण असल्यास त्याचा क्रमांक, असे लिहितो. मुंडकारी घर, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचे राहते घर, असेल तर घर कोणाचे आणि खालची जमीन कोणाची, हे दोन वेगळ्या वाक्यांत. कूळ म्हणून कसत असलेल्या शेतालाही तोच नियम.

मोजमापाकडेही लक्ष हवे. नमुन्यात शेतजमीन एकरांत आणि बिगरशेती चौरस फुटांत विचारली आहे. गोव्याचे उतारे हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतात. घाईत ४,००० चौरस मीटरच्या शेताचे ‘४,०००’ तसेच एकराच्या रकान्यात पडलेले आम्ही पाहिले आहेत. उमेदवार एका रात्रीत गावभर चर्चेचा विषय होतो आणि दुरुस्त शपथपत्र दिले तरी पहिले शपथपत्र संकेतस्थळावर राहतेच. १ एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. रूपांतर एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे आणि वर्णनात मूळ चौरस मीटरही लिहायचे. किमतीचे तीन आकडे लागतात: खरेदीची किंमत, त्यावर केलेला खर्च आणि आजची अंदाजे बाजारकिंमत. सोन्याचे वजन आणि किंमत दोन्ही. हातातली रोख रक्कम शपथेच्या दिवशीची.

कोणताही रकाना रिकामा ठेवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हे स्पष्ट केले आहे. रिकामा रकाना म्हणजे मतदाराला माहिती नाकारणे. निवडणूक निर्णय अधिकारी चूक दाखवून देतो आणि तरीही नवे, पूर्ण शपथपत्र आले नाही तर अर्ज फेटाळता येतो. नुसती आडवी रेघही नको. ‘निरंक’, ‘लागू नाही’ किंवा ‘माहिती नाही’ असे शब्दांत लिहावे. आम्ही छापील मसुद्यावर तांबड्या पेनाने प्रत्येक चौकोनात टिक करतो. अवलंबितांचे तीनही स्तंभ शेवटच्या पानापर्यंत भरलेले दिसले की मगच नोटरीकडे जातो. तिथे प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आणि नोटरीचा शिक्का. शिक्का मारताना दोन पाने एकदम उलटली जातात आणि मधले एक पान कोरे राहते. हे इतके सर्रास होते की नोटरीच्या टेबलावरून उठण्याआधी पाने मोठ्याने मोजून घ्यावीत.

गुन्ह्यांचा भाग आमदाराच्या आठवणीवर सोडू नये. पाच वर्षांत कुठे रास्ता रोको झाला, कुठे पंचायतीसमोर मोर्चा, कुठे कोविडकाळातला जमावबंदीचा गुन्हा. समन्स आले नसेल तर आमदाराला कदाचित ठाऊकही नसते की प्रथम माहिती अहवालात आपले नाव आहे. मतदारसंघातली आणि पणजीची पोलीस स्थानके, शिवाय संबंधित न्यायालये, यांच्याकडे लेखी विचारणा करून उत्तर फाइलीत लावतो. आरोप निश्चित झालेले नसले तरी प्रलंबित गुन्हा दाखवायचा असतो. १ जुलै २०२४ पासूनचा गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली, त्याआधीचा भारतीय दंड संहितेखाली. कलमे त्या-त्या कायद्यातली लिहावीत आणि गुन्ह्याचे दोन शब्दांत वर्णनही द्यावे. इथे लपवाछपवी केली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आमच्या मते खरे कारण वेगळे आहे. मतदाराला आपला आमदार कोणत्या कोर्टात उभा आहे हे कळायला हवे, आणि आंदोलनातला गुन्हा सांगायला कोणत्याही आमदाराला संकोच वाटू नये.

नमुना २ब, म्हणजे खुद्द उमेदवारी अर्ज, त्यामानाने छोटा. यंदा त्यात एक नवी जोखीम आहे. नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. नावे गळली, काहींची हलली. २०२२ च्या अर्जावरून यादी भाग आणि अनुक्रमांक उतरवून घ्यायची सवय असलेल्या कार्यालयांनी ती सोडावी. उमेदवाराचा आणि प्रत्येक सूचकाचा (उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराचा) क्रमांक ताज्या यादीतून, पुरवण्यांसह, स्वतः पाहून लिहावा. उमेदवार राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालते. सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा हवा. उमेदवाराचे मत दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. सूचक अंगठा उठवत असेल तर तो अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हायला हवा.

एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात. आम्ही चारही भरतो, प्रत्येकाला वेगळा सूचक. त्यातला एक दहा सूचकांचा ठेवतो. पक्षाच्या एबी फॉर्ममध्ये, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असे पक्ष कळवतो त्या कागदांत, काही बिघडले तर एका सूचकाचे अर्ज पडतात, दहा सूचकांचा अपक्ष म्हणून तरी उभा राहतो. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मूळ प्रतीत, शाईच्या सहीने पोचला पाहिजे. छायाप्रत किंवा सहीचा रबरी शिक्का चालत नाही. पर्यायी उमेदवाराचे नाव बी फॉर्ममध्ये आहे ना, हेही पाहावे. मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की एका सूचकाचा पर्यायी अर्ज आपोआप बाद होतो. त्याने दहा सूचकांनी भरला असेल तर मात्र त्याला माघार घ्यावी लागते, आणि ती घ्यायला तो तीनच्या आत हजर असेल याची जबाबदारी कोणावर तरी सोपवलेली हवी.

आमदाराने पक्ष बदललेला असेल तर अर्जाआधी राजीनामा. दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर अर्ज भरणे म्हणजे मूळ पक्ष सोडल्याचा लेखी पुरावाच. २०२२ च्या जानेवारीत मायकल लोबो यांच्यासह काहींनी आधी राजीनामे दिले ते त्यामुळेच. लाभाच्या पदाचा प्रश्नही नमुना २ब मध्ये विचारला जातो. महामंडळाचे अध्यक्षपद असेल आणि कायद्याने त्या पदाला सूट दिली असेल, तरी उत्तरात पद लिहावे आणि सुटीचा आधारही द्यावा. परदेशाशी निष्ठेचा प्रश्न इतर राज्यांत कोणी दोनदा वाचत नाही. गोव्यात लिस्बनला जन्मनोंद असलेली कुटुंबे आहेत आणि त्यातून पोर्तुगीज नागरिकत्वाचा प्रश्न निघतो, त्यामुळे इथे आक्षेप याच मुद्द्यावर येऊ शकतो. कुटुंबात असे काही असेल तर त्याची कागदपत्रे आणि वकिलाचे लेखी मत आधीच तयार ठेवावे.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. रोख किंवा कोषागाराचे चलन, धनादेश नाही. अर्ज चार असले तरी अनामत एकच. छायाचित्र २ बाय २.५ सेंटिमीटर, अलीकडच्या तीन महिन्यांतले, पांढरी पार्श्वभूमी, टोपी व काळा चष्मा नको, मागे सही. २०२५ च्या बिहार निवडणुकीपासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत रंगीत आणि मोठा चेहरा छापतात, म्हणून जुना फोटो वापरण्याचा मोह टाळावा. निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे. खाते उमेदवाराच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त. पत्नी निवडणूक प्रतिनिधी नसेल तर तिच्यासोबतचे चालत नाही. बँकेची केवायसी एका दिवसात होईल असे गृहीत धरू नये.

२०२२ मध्ये २१ ते २८ जानेवारी अशी अर्जाची मुदत होती. मध्ये रविवार आणि प्रजासत्ताक दिन, म्हणजे कागदावर दिसतात तेवढे दिवस हाती नसतात. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. उमेदवार पंचांग पाहून मुहूर्त काढतो, आणि चांगला मुहूर्त साऱ्या तालुक्याला सारखाच असतो. आमचा आग्रह असतो की एक संच पहिल्या दोन दिवसांत, मिरवणूक न काढता, भरून टाकावा. उरलेले मुहूर्तावर, वाजतगाजत. पहिल्या संचावर अधिकाऱ्याने दिलेली त्रुटींची यादी हाती येते आणि दुरुस्तीला वेळ राहतो. शंभर मीटरच्या आत तीनच वाहने आणि कार्यालयात उमेदवार धरून पाच माणसे. अर्ज उमेदवार किंवा सूचक यांनीच हाती द्यायचा, निवडणूक प्रतिनिधीने दिलेला चालत नाही. ऑनलाइन भरला तरी छापील प्रत सही करून नेऊन द्यावी लागते. मंत्री असेल तर सरकारी गाडी घरी ठेवून यायचे. मिरवणुकीचा खर्च मात्र त्याच दिवशीच्या हिशेबात लागतो, ढोल-ताशांपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत. कारण खर्चाचे मीटर अर्जाच्या तारखेलाच सुरू होते.

अर्ज देऊन झाल्यावर आमदार उठून बाहेरच्या कॅमेऱ्यांकडे निघतो. त्याला थांबवावे लागते. शपथ राहिलेली असते. २०२२ मध्ये सभागृहात घेतलेली शपथ इथे उपयोगाची नाही. उमेदवार म्हणून नव्याने, अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत, अधिकृत व्यक्तीसमोर शपथ घेऊन तिचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ उशिराची ठरते. जुन्या आमदारांनाच हे विसरायला होते, कारण शपथ हा विषय त्यांच्या मनात संपलेला असतो. अधिकारी त्रुटींची जी यादी देतो तिच्यावर शपथेचा वेगळा रकाना असतो. तिथे खूण झाल्याशिवाय आम्ही खोली सोडत नाही.

छाननीला उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती आत जाऊ शकते. ती चौथी व्यक्ती वकील असावी. दाखल्यांच्या मूळ प्रती, विवरणपत्रे, उतारे हे सगळे क्रमाने लावून नेतो. आक्षेप आला तर बाजू मांडायला वेळ मागता येतो, छाननीच्या तारखेनंतर दोन दिवसांच्या पुढे मात्र नाही. कागद हाताशी असेल तर वेळ मागायची वेळच येत नाही. कायदा सांगतो की महत्त्वाच्या नसलेल्या दोषावरून अर्ज फेटाळू नये. आमचा वकील ते कलम ३६(४) खूण करून नेतो. आपल्या बाजूचा निर्णय झाला तरी दुसऱ्याने घेतलेला आक्षेप आणि त्यावरचा आदेश यांची प्रमाणित प्रत त्याच संध्याकाळी मागावी. याचिकेत पहिला मुद्दा तोच येतो.

माघारीची मुदत संपली की गुन्हे असलेल्या उमेदवाराचे पुढचे काम लगेच सुरू होते. आपल्यावरच्या गुन्ह्यांची नमुना सी-१ मधली जाहिरात वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीनदा द्यायची: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात एकदा आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत एकदा. अक्षर किमान १२ आकाराचे. तिन्ही जाहिराती पहिल्याच आठवड्यात उरकल्या तर ते पालन होत नाही. वृत्तपत्राचे पूर्ण पान तारखेसह जपून ठेवावे, नुसते कात्रण नको.

गोव्यात खर्चाची मर्यादा २८ लाख रुपये. नोंदवही तीन रंगांची: पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एका व्यक्तीला किंवा दुकानाला साऱ्या निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांवर रक्कम गेली की ती धनादेशाने किंवा खात्यातूनच द्यायची. चहावाला, रिक्षावाला, मंडपवाला यांच्या छोट्या-छोट्या रकमा एकत्र केल्या की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. म्हणून आम्ही तारखेप्रमाणे नोंद करतोच, शिवाय माणसाप्रमाणे वेगळी यादी ठेवतो. खर्च निरीक्षकासमोर वही तीनदा न्यावी लागते. २०२२ मध्ये मतदान १४ फेब्रुवारीला आणि निकाल १० मार्चला होता. मधल्या दिवसांचा हिशेबही चालूच राहतो, आणि निकालाच्या दिवशीचा खर्चही धरावा लागतो. निकालापासून ३० दिवसांत, जिंकलेल्यानेही, हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि सी-१ च्या जाहिराती दिल्या असतील तर त्यांचा अहवाल नमुना सी-४ मध्ये सोबत जोडायचा. तो न दिल्यास किंवा चुकीच्या रीतीने दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

फाइल आमदाराच्या घरी ठेवू नये. मूळ दाखले, नोटरीची प्रत, अधिकाऱ्याची पोच, शपथेचे प्रमाणपत्र आणि छाननीचा आदेश वकिलाच्या कार्यालयात ठेवावेत, आणि त्यांची छायाप्रत कार्यालयातल्या कारकुनाकडे. ४५ दिवस उलटले आणि याचिका आली नाही, तरी ती मोडीत काढायची नाही. पुढच्या वेळी कोरा नमुना २६ हिच्याच शेजारी ठेवावा लागणार आहे.